पाव आटा ढिला

निवृत्त झाल्यावर फिटरकाकांनी पहिल्याच आठवड्यात घरातलं सगळं दुरुस्त करून टाकलं, आणि इथेच त्यांचं गणित चुकलं. इस्पितळाच्या देखभाल विभागात उभं आयुष्य काढलेल्या माणसाने कामं जरा पुरवून पुरवून करायला हवी होती. दुसऱ्या आठवड्यात घरात त्यांच्याखेरीज बिघडलेलं काही उरलंच नाही.

मुलगा प्रेमळ होता. "बाबा, आता मस्त आराम करा," असं तो रोज म्हणे. लोक जुन्या फ्रिजला "अजून चालतोय की" म्हणतात, त्या सुरात.

मग एका दुपारी घरात कोणी नसताना काकांनी स्वयंपाकघरातल्या नळाची मूठ पाव आटा ढिली केली. पाव आटा, म्हणजे स्क्रूचा पाव फेरा, हे त्यांचं खास माप. लगेच निसटत नाही, पण दुसऱ्या दिवशी हातात येते म्हणजे येतेच. तशी ती आली, सुनेच्या हातात. काकांनी पाना आणून मूठ बसवली. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही नसतात तर आमचं काय झालं असतं?"

या वाक्याची काकांना चटक लागली. मग कपाटाचं हँडल झालं, खणाची कडी झाली, पातेल्याचा कान झाला.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही. घरात सगळ्यांत आधी उठायची ती सून. त्यामुळे काका जे जे ढिलं करत, ते ते तिच्याच हातात येई. मुलगा डोळे चोळत बाहेर यायचा तोवर घर पुन्हा धडधाकट.

आणि सून दातांची डॉक्टर होती.

"मी दवाखाना बंद करायचं म्हणतेय," एकदा जेवताना ती म्हणाली.

मुलगा जेवायचा थांबला. "का गं?"

"माझे हात गेलेत. धरीन ते निखळतं. आज एका आजोबांची दाढ काढायची होती, तर हात थरथरायला लागला. पाठवून दिलं त्यांना दुसऱ्या डॉक्टरकडे."

"दाढ निखळली तर बरंच की. तेच तर काम तुझं."

"आणि शेजारची निखळली तर?"

आता सांगून टाक, असं काकांचं मन म्हणालं. तोंड म्हणालं, "भाजीत मीठ अगदी बरोबर पडलंय."

दुसऱ्या दिवशी ते तिच्या दवाखान्यात जाऊन खुर्चीवर आडवे झाले. रात्रभर विचार करून त्यांनी ठरवलं होतं की कबुलीपेक्षा दाढ परवडली. आपली एक तिने नीट उपटली की तिचा धीर परत येईल, आणि काही सांगायची वेळच येणार नाही.

"कुठली दुखतेय?"

बोटाला लागली ती त्यांनी दाखवली. सुनेने बराच वेळ आत पाहिलं.

"बाबा, ही तर ठणठणीत आहे."

"असू दे. काढ."

"का पण?"

"तेवढाच तुझा हात बसेल."

सुनेने हातातला आरसा खाली ठेवला. ठेवताना तो ट्रेवर खडखडला. "म्हणजे तुम्हालाही वाटतं, माझे हात गेलेत."

वरचा दिवा थेट काकांच्या डोळ्यांत होता. गळ्यात लहान मुलासारखं कापड बांधलेलं. पळायला वाव नव्हता.

"नळ मी ढिला केला होता," ते म्हणाले.

"आणि हँडल?"

"मीच."

"खणाची कडी?"

"मी."

"पातेल्याचा कान?"

"त्याला फार कष्ट पडले."

"का, बाबा?"

"तू ते म्हणायचीस ना," एवढंच त्यांना जमलं. काय म्हणायचीस, हे स्वतःच्या तोंडाने सांगायची लाज वाटली.

ती खूप बोलेल, अशी त्यांची तयारी होती. तिने मात्र आपले दोन्ही हात दिव्याखाली धरले आणि दुसऱ्या कुणाचे असावेत तसे उलटसुलट करून पाहिले. पुन्हा आरसा उचलला. तो खडखडला नाही.

"तोंड उघडा."

"माफ केलंस?"

"नाही. वरच्या दाढेला कीड लागलीय, ती भरायचीय."

"दुखेल का गं?"

"हो."

पुढच्या आठवड्यात न्हाणीघरातला नळ खरोखरच ठिबकायला लागला. "हा मी नाही," काकांनी कुणी विचारायच्या आत सांगितलं. सुनेने त्यांच्याकडून पाना मागून घेतला आणि स्वतः उकिडवी बसली. काका स्टुलावर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"एवढं बास?"

बास नव्हतं, हे त्यांना बसल्या जागेवरून दिसत होतं. गप्प राहिलं तर उद्या सकाळी नळ तिच्याच हातात येणार, आणि मग हाक कुणाला जाईल हेही दिसत होतं.

"पाव आटा अजून," काका म्हणाले.

तिने आवळला. ठिबक थांबली. दवाखान्यात जाताना तिने पाना पुसून आपल्या पर्समध्ये टाकला.