वेशीवरचा आकडा

मी बोलतेय, ओहायोतल्या केल्बर्न गावाच्या वेशीवरची पाटी. माझ्यावर गावाचं नाव आहे आणि खाली लोकसंख्या: सहा हजार एकशे चार. त्यातलं नाव तेवढं खरं.

मला काचकारखान्याच्या सुतारांनी घडवलं. तेव्हा भट्ट्या अखंड पेटलेल्या असत आणि गावाची एक रीत होती. मूल झालं की बापाने पाळी संपवून यायचं, शिडी लावायची आणि माझा आकडा एकाने वाढवायचा. खाली दोस्त बिअर पीत टोमणे मारायचे, "सरळ काढ रे, नाहीतर पोरगं तिरकं निघेल." माणूस मेला की मात्र कुणी शिडी आणत नसे. अपशकुन होतो म्हणे.

पुढे भट्ट्या विझल्या. तरणी पोरं निघून गेली, शाळेला कुलूप लागलं. आकडा जिथल्या तिथे. स्वतःची फसवणूक करण्यात माणसांचा हात कुणी धरणार नाही.

एमिल ह्रुस्का जन्मभर भट्टीवर राबलेला. बायको गेल्यावर मुलगी रूथ त्याला अ‍ॅरिझोनाला न्यायला आली. निघताना त्याने वेशीवर गाडी थांबवली, शिडी लावली आणि चाराचा तीन केला.

नगराध्यक्ष गस धापा टाकत आला. "एमिल, खाली उतर. तू एक खोडलास, तर उद्या लोक विचारतील, बाकीचे कुठे गेले?"

"विचारू देत की. मी गेलो एवढं तरी गावाला कळू दे."

"तू चाललास उन्हात शेकायला. आम्हाला इथंच मरायचंय."

गाडी वळणाआड जाते न जाते तोच गसने तिनाचा पुन्हा चार केला. मला त्याचा इतका संताप आला, पण लाकडाचा संताप कोण विचारतो?

परवा रूथ एकटीच आली, शेजारच्या सीटवर एमिलच्या राखेचा डबा. गाडी थांबवून तिने मला वाचलं. "बाबा, यांनी तुम्हाला जाऊच दिलं नाही," म्हणाली आणि रडली.

दफनभूमी माझ्यासमोरच आहे. सहा हजारांच्या गावातून एमिलच्या मातीला चौघं आली, गस धरून. परतताना रूथने विचारलं, "आता तरी एक कमी कराल?"

गस माझ्याकडे न बघता म्हणाला, "बघू. रंग संपलाय."

अरे, रंग नसेल तर खरवडून काढा. मेलेल्यांना माझ्या अंगावर किती वर्षं जगवाल?