तिरुत्तणीचं दुसरं वळण

पेरंबूरच्या रेल्वे कारखान्यात छत्तीस वर्षं एकोजींच्या हाताखालून मोठमोठी मशिनं गेली. पण घरच्या आठशे सीसीच्या गाडीनं म्हातारपणी त्यांची पार शोभा केली हो!

गेल्या वर्षी दसऱ्याची आयुधपूजा झाली आणि पुढच्याच आठवड्यात ते बायकोला, सकवारबाईंना, तिरुत्तणीला मुरुगनाच्या दर्शनाला घेऊन निघाले. बाईंना गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवत नाहीत, पण डोंगरावर गाडीचा रस्ता आहे. दुसऱ्या वळणावर गाडीनं मान टाकली. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट. वैतागलेले एकोजी रस्त्याकडेच्या फुलवालीसमोर ओरडले, "उतर बघू तू! तुझ्या वजनानंच ओढत नाहीये ती."

बाई उतरल्या आणि गुडघे धरत उरलेला चढ चालत गेल्या. भांडल्या नाहीत. पण तेव्हापासून त्यांनी त्या गाडीत पाय ठेवला नाही. कोडंबाक्कमला बहिणीकडे जायचं तरी ऑटो. भांडल्या असत्या तर एकोजींना इतकं लागलं नसतं.

आता सकवारबाईंची साठी आली होती. "तुला घेऊन गाडी पार वरपर्यंत जाईल," एकोजींनी जाहीर केलं.

"बघू की," बाई म्हणाल्या.

वेस्ट मांबलममधला त्यांच्या गल्लीतला मेकॅनिक वेंकट म्हणाला, "सार, मोठं इंजिन टाका. नाहीतर टर्बो." आणि त्यानं असा आकडा सांगितला, की पेन्शनवाल्यानं तो ऐकूनच खाली बसावं.

"अरे जा! हिचे आठशेच मला पुरेत. आधी ते तरी कुठे मिळतायत?"

मग स्वारी स्वतःच कामाला लागली. नवे प्लग बसवले. व्हॉल्व्हची फट पट्टी घालून मोजली. मागच्या चाकाचा ब्रेक घासत होता, तो मोकळा केला. टायरांत नेमकी हवा भरली. डिकीतून तर काय काय निघालं! दोन जॅक, पाण्याचे कॅन आणि कुणाच्या तरी लग्नात मिळालेली भलीमोठी समई. गाडी सुधारली, नाही असं नाही. पण पूल चढताना अजून दम लागत होता.

एका सकाळी ते बॉनेट उघडून नुसते बघत उभे राहिले. कारखान्यात पोरांवर ते रोज ओरडायचे, "मशीनचं झाकण लावण्याआधी फडकी मोजा! आत गेली तेवढी बाहेर आली पाहिजेत." ते आठवलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. आयुधपूजेसाठी इंजिन धुताना पाणी आत जाऊ नये म्हणून हवेच्या नळीत त्यांनी स्वतःच्या हातानं...

हेडलाइटमागे त्या नळीच्या तोंडात हात घातला, तर बोळा लागला. काळाकुट्ट झालेला, पण काठ ओळखू येत होता. कमरेला गुंडाळायच्या त्यांच्याच जुन्या वेष्टीचा तुकडा! फिल्टर दोनदा काढून पुसला होता, नळीत मात्र एकदाही बघितलं नव्हतं.

लपवलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण एकोजी बोळा घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेले.

"तुझं वजन नव्हतं गं. माझी चूक होती. आणि लोकांसमोर तुला बोललो, ती त्याहून मोठी."

सकवारबाईंनी गॅस बारीक केला, बोळा उलगडून पाहिला. "अगंबाई, ही वेष्टी मी कुठे कुठे शोधली!" एवढंच म्हणाल्या.

साठीच्या दिवशी मात्र मोरपंखी साडी नेसून त्या पुढच्या सीटवर येऊन बसल्या. डोंगराचं पहिलं वळण गाडीनं असं घेतलं, की एकोजींची छाती फुगली. दुसरं वळण आलं.

"थांबवा," बाई म्हणाल्या.

"इथं? ऐन चढावर? काहीतरीच काय!"

"इथंच. मी इथंच उतरले होते."

फुलवाली तिथंच बसली होती. बाईंनी खिडकीतूनच मोगऱ्याचा दोन हात लांब गजरा घेतला, तोही घासाघीस करून, अगदी सावकाश. मागे हॉर्न सुरू झाले. चढावर थांबलेली गाडी उचलायची म्हणजे इंजिनाची खरी परीक्षा. एकोजींनी क्लच अलगद सोडत हँडब्रेक खाली केला. गाडी तसूभरही मागे आली नाही. गुरगुरली आणि जी निघाली, ती थेट वरच्या पार्किंगपर्यंत.

एकोजींनी इंजिन बंद केलं. छत्तीस वर्षांत कुठल्याच मशिनाचा एवढा अभिमान वाटला नव्हता. डोळे भरून आले होते.

सकवारबाईंनी आरशात बघून गजरा माळला.

"आणि ऐका," त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षीपेक्षा माझं वजन तीन किलो वाढलंय."