वॉकीटॉकीवरचा आवाज

महाळुंग्यातल्या एका कंपनीच्या गेटवर पुनम सिक्युरिटीचं काम करायची. जानेवारीतल्या एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की समोर उभे असलेले ट्रेलरही दिसत नव्हते. तेवढ्यात तिच्या वॉकीटॉकीवर खरखर झाली आणि एक पुरुष म्हणाला, "गाडी मागं घ्या, सावकाश."

पुनमनं वॉकीटॉकी कानाशी धरला. आवाज कुलदीपचा होता. कुलदीप तिचा नवरा, याच कंपनीच्या यार्डात कामाला होता आणि दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेला होता.

कंपनीतले वॉकीटॉकी दुरुस्त करणाऱ्या बबनरावांना तिनं हे सांगितलं. ते म्हणाले, "घाबरू नगं, पोरी. थंडीत जमिनीलगत गार हवा साठती आन् वर ऊबदार थर बसतो. मग रेडिओच्या लहरी वर निसटत न्हाईत, लांब लांब जातात. दुसऱ्या गावचा कुणीतरी असंल."

तिला ते पटलं. तरी दुसऱ्या दिवशी धुक्यात पुन्हा तोच आवाज आला, तेव्हा तिनं बटण दाबलं.

"कुठून बोलताय तुम्ही?"

"सोलापूरहून, मालधक्क्यावरनं. आपण कोण?"

तिला नाव सांगवेना. नवऱ्याला रोज विचारायची तेच तोंडून निघून गेलं. "डबा खाल्ला का?"

 पलीकडचा माणूस हळूच म्हणाला, "न्हाई अजून. खातो."

ऊन चढलं, धुकं विरलं आणि नुसती खरखर उरली. पुनम तिलाच कान लावून बसली. शेवटी ट्रेलरवाल्यानं हॉर्न वाजवला, तेव्हा डोळे पुसून ती गेट उघडायला उठली.