पाणी घातलं नाही

युए-ग्वेईने लघवीची डबी नर्स पेइ-शानच्या टेबलावर आपटली.

"बघ! झऱ्याचं पाणी नुसतं. गुडघ्यांसाठी झाडपाल्याची पूड घेते ना, तिनं आतलं सगळं धुऊन निघतं. उगाच बंद करा, बंद करा म्हणून मागे लागू नकोस."

पेइ-शानने डबी खिडकीच्या उजेडात धरली. रात्री जेवल्यापासून पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, असं तिने बजावलं होतं. तशी लघवी गडद पिवळी यायला हवी.

"मावशी, खरं सांगा. घरून निघताना नळाचं पाणी घातलंत?"

लघवीतली साखर लपवायला दोंगशी गावात पुष्कळ जण हा उद्योग करत. पण युए-ग्वेई? चाळीस वर्षं कालवं फोडली, मापात एक कालव इकडचं तिकडे केलं नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्यावर आळ घेतेस? इथेच बसते, तुझ्या डोळ्यांसमोर. दुपारपर्यंत घोटभर पाणी पिणार नाही."

"अहो, या उकाड्यात नको."

"गप बस!"

ती बाकावर बसून राहिली. येणारेजाणारे चेष्टा करत होते.

"उपोषण कुणाविरुद्ध, युए-ग्वेई?"

"या पोरीविरुद्ध!"

दुपारी पेइ-शान स्वतः संडासाच्या दाराशी उभी राहिली. डबी बाहेर आली. पुन्हा तशीच, पाण्यासारखी.

"आता?" युए-ग्वेईची जीभ टाळूला चिकटत होती, तरी आवाज चढाच होता. "घातलं पाणी?"

"नाही. माझं चुकलं, मावशी." पेइ-शानने तिच्यापुढे पेला ठेवला. "आधी हे प्या. इतकी तहान लागली की धडधाकट मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात. तुमच्या मूत्रपिंडांना ते जमत नाहीये. त्यांना इजा झालीय, बहुतेक त्या पुडीनंच. उद्या शहरात रक्त तपासायचं."

"बरी होतील?"

"गेलं ते भरून येणं कठीण. उरलंय ते वाचवू."

युए-ग्वेई फार घाबरली. पण पेल्यातलं पाणी तिने सगळं संपवलं, आणि गमबूट चढवून उठली.

"कुठे निघालात?"

"कालवांच्या शेडवर. तिथल्या अकरा बायकांना ती पूड मीच घ्यायला लावलीय. डब्या दे. पाणी घालू देत नाही एकीलाही."

पेइ-शान मोजू लागली.

"बारा दे," युए-ग्वेई म्हणाली. "आमच्या म्हाताऱ्याच्या सूपमध्येही मीच मिसळते."