वायर काढली तरी बोलणारी पेटी

येडशीहून रामलिंगाकडं वळण्याआधी एक जुनी पत्र्याची शेड लागते. त्या शनिवारी भरदुपारी तिथं तीनशे माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि एकही जण खोकत नव्हता. ओरडणाऱ्या गर्दीची मला भीती वाटत नाही. गप्प बसलेल्या गर्दीची वाटते.

समोर ओट्यावर लोखंडाची पेटी होती, लाल फडक्यानं अर्धी झाकलेली. पेटीच्या डोक्यावर काचेच्या तीन नळ्या उभ्या. दोन आतून तांबूस पेटलेल्या, मधली जांभळी. पेटीला जोडलेले हेडफोन एका म्हाताऱ्याच्या कानांवर होते आणि म्हातारा हमसून हमसून रडत होता. दोन वर्षांपूर्वी वारलेली त्याची बायको म्हणे त्याच्याशी बोलत होती. ती बोलली की जांभळा उजेड थरथरायचा.

"लोकं म्हनत्यात, ही विजेची करामत हाय," धोंडीबा महाराज गर्दीवर नजर फिरवत म्हणाले. भगवी कफनी, कपाळभर भस्म, एका हातात चांदीची अंगठी आणि दुसऱ्या हातात वायरीचा प्लग. "व्हय का? मग वीजच काढतो की! आमचं कर्णपिशाच्च मीटरवर चालत न्हाय. लोडशेडिंग न्हाय, बिल न्हाय. थेट वरची लाईन हाय ही!"

त्यांनी बोर्डातून प्लग उपटला आणि हात उंच करून सगळ्यांना दाखवला.

"बोलती का रं?"

"बोलती!" म्हातारा किंचाळला. "अजून बोलती! नाव घेती माझं!"

नळ्या पेटलेल्याच होत्या. मग जांभळा उजेड एकदा फडफडला आणि विझला. म्हाताऱ्यानं मान खाली घातली. "गेली," तो म्हणाला. तीनशे जोडी हात जोडले गेले.

मी हात जोडले नाहीत, कारण ती पेटी माझी होती. सोल्डरचा प्रत्येक टाका मी स्वतः लावला होता.

मी भागवत. ढोकीत राहतो. कारखान्यात तीस वर्षं वायरमन होतो. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात, मी जुन्या रेडिओतल्या व्हॉल्व्हच्या नळ्यांशी खेळत बसलो. हेडफोनवर गाणी ऐकायला एक ॲम्प्लिफायर करायचा, एवढाच नाद. ती पेटी मी चौदा महिने खोलली आणि जोडली. कधी एका कानात घूंघूं यायची, कधी नळीला बोट लागलं तरी कानात घंटा वाजायची. कुर्डुवाडीच्या भंगारातून नळ्या आणून एकेक बदलून पाहिल्या. शेवटी घूंघूं गेली, पण एक गंमत मागं राहिली. प्लग काढला तरी गाणं लगेच थांबायचं नाही.

गेल्या वर्षी धोंडीबा माझ्याकडं मिक्सर दुरुस्तीला आला होता. तेव्हा तो महाराज नव्हता, लग्नाच्या मंडपात स्पीकर लावायचा. मी हौसेनं त्याच्या कानाला हेडफोन लावले आणि ऐन गाण्यात प्लग उपटला. त्याचे डोळे मोठे झाले. असं का होतं हे सांगायला मी तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "कारण ऱ्हाऊ द्या भागवतराव, पेटी इकता का?" कौतुकानं मी फुगलो होतो. मागेल ती किंमत मिळाली आणि कारण सांगायचं राहूनच गेलं. माझी चूक तिथं झाली, हे आधीच कबूल करतो.

आता माझ्या बहिणीचं सांगतो. नागूआक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. चार वर्षांपूर्वी सोलापूरला तिच्या हृदयाची झडप बदलली, धातूची बसवली. खोली शांत असली की तिच्या छातीतली टिकटिक ऐकू येते. त्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज एक गोळी. डॉक्टरांनी आमच्यासमोर बोट दाखवून बजावलं होतं, "एकही दिवस चुकवायची नाही. गुठळी सुटली तर थेट मेंदूत जाते."

तिचा मुलगा धनाजी टेम्पोवर असायचा. दीड वर्षापूर्वी घाटात टेम्पो उलटला आणि तो गेला. तेव्हापासून आक्का ढोकीत माझ्याकडंच राहते. जेवते, झोपते, पण घरात नसल्यासारखी असते.

मी आठवडाभर लातूरला डोळ्याच्या ऑपरेशनला गेलो होतो. शनिवारी सकाळी काळा चष्मा लावून ढोकीत उतरलो तर परंड्याहून भाची दीपाली आलेली. तिच्या हातात गोळ्यांची पट्टी होती.

"मामा, सोमवारपास्नं एक बी गोळी घेतली न्हाय आईनं. येडशीला मुक्कामालाच गेलीय. काल फोनवर म्हणली, धनादादा पेटीतनं बोलला. म्हणला, 'आई, गोळ्या घेऊ नको.'"

"त्याचाच आवाज?"

"त्याचाच म्हणती. आई लेकाचा आवाज चुकंल का?"

पेटी माझी होती, तिची नस न् नस मला ठाऊक. पण धनाजीचा आवाज तिच्यात कुठून आला?

"आक्कानं त्या धोंडीबाला काय दिलं होतं का?" मी विचारलं.

"दादाचा फोन. ज्याचा आत्मा बोलवायचा, त्याचा फोन आठ दिवस लाल फडक्यात बांधून पेटीपाशी ठेवायचा, असा नेम हाय त्यांचा. आणि कुलूप काढून द्यायचं. महाराज म्हणत्यात, कुलूप लावलेल्या फोनात आत्मा शिरत न्हाय."

मला आधी हसू आलं, पण ते टिकलं नाही. आपल्याकडं मेलेल्याचे कपडे वाटून टाकतात, अंथरूण टाकून देतात, पण फोन मात्र देवासारखा जपतात. त्यात त्याचे फोटो असतात, त्याचं बोलणं असतं. ते सगळं कितीतरी घरांनी आपल्या हातानं उघडून या माणसाला नेऊन दिलं होतं.

"दीपाली, आक्काकडं तर बटणाचा फोन. धनाजीनं तिच्यासाठी रेकॉर्ड केलेलं बोलणं कुणाच्या फोनवर यायचं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग स्वतःचा फोन काढला आणि दोन वर्षं मागं सरकवत गेली. एके जागी थांबली. आम्ही दोघांनी ते ऐकलं. दीपालीनं गोळ्यांची पट्टी सोबत घेतली. मग आम्ही मिळेल त्या जीपनं निघालो.

शेडमध्ये आक्का पहिल्या रांगेत होती. चेहरा पांढराफटक. म्हाताऱ्याचं झाल्यावर तिचं नाव पुकारलं. उठताना तिचा तोल गेला, शेजारणीनं धरलं. डावं पाऊल जरा फरफटतंय असं मला वाटलं, पण उपासानं असेल म्हणून मी मनाला समजावलं.

"माय, गोळी घेतली न्हाईस न्हवं?" धोंडीबानं विचारलं. "डॉक्टरची गोळी आन् आमचा अंगारा एका पोटात नांदत न्हाईत."

"न्हाय घेतली बाबा. लेकाचा शब्द हाय," आक्का म्हणाली.

मी उठलो. "धोंडीबा, पेटीची घूंघूं परत आली का रं? मिक्सर तरी नीट चालतो न्हवं?"

त्याचा चेहरा क्षणभर मंडपवाल्याचा झाला, मग पुन्हा महाराजाचा. "ह्याला भाईर काढा! पिशाच्च कोपंल!"

"ए काळा चष्मा, खाली बस!" मागून कुणी ओरडलं. दोघातिघांनी माझा दंड धरला. तेव्हा आक्काच बोलली. "सोडा त्येला. धाकटा भाऊ हाय माझा." तीनशे माणसांत तिच्या दुःखाचा मान होता. दंड सुटला.

मी ओट्यावर चढून लाल फडकं ओढलं. पेटीच्या पाठीला बारीक काळी वायर होती, सतरंजीखालून मागच्या खोलीत गेलेली. दीपालीनं दार ढकललं. आत धोंडीबाचा मेहुणा अमरनाथ बसला होता. समोर फळीवर चाळीसेक फोन, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी, आणि मांडीवर लॅपटॉप.

"हे तुमचं कर्णपिशाच्च," मी म्हणालो. "तुमच्या माणसाचं फोनमधलं बोलणं काढायचं, हवं तेवढं कापायचं आणि या वायरीतनं सोडायचं. आवाज खरा असतो, म्हणून तुम्ही फसता."

"पर वीज काढल्यावर बी बोलत हुती की!" मघाचा म्हातारा रडवेला होऊन म्हणाला. "म्या सोता ऐकलं!"

"तुम्ही खरंच ऐकलंत, आजोबा. आत वीज साठवणारे हे दोन डबे हाईत, कंडेन्सर म्हणत्यात. मीच बसवलेत. नळ आला की हौद भरतो आणि नळ गेल्यावर बी पाणी येत ऱ्हातं, तसं हे. नळ्यांची धग हाय तोवर धा-बारा सेकंद चालतं. जांभळी नळी व्होल्टेज सांभाळायला हाय, आतला वायू उजळतो. कुणी बी या, प्लग काढा. पिशाच्चाला इचारू नका, मला इचारा."

मी काळी वायर उपटली, तिच्या जागी दीपालीचा फोन जोडला आणि प्लग बोर्डात घालून नळ्या पुन्हा पेटू दिल्या. हेडफोन आक्काच्या कानांवर ठेवले. "आक्का, सोमवारी तू अर्धं ऐकलंस. आता सगळं ऐक." मग प्लग माझ्या हातानं काढला.

शेडभर सगळे तिच्या चेहऱ्याकडं बघत होते. नळ्या पेटलेल्या होत्या, वीज नव्हती, आणि दोन वर्षांपूर्वीचा धनाजी कुठल्यातरी ढाब्यावरनं आईशी बोलत होता. ते शब्द मला पाठ झालेत.

"आई, गोळ्या घेऊ नको उपाशीपोटी. आधी दोन घास खा, मग घे. आन् एक बी दिवस चुकवू नको बरं का, तुला माझी शप्पथ हाय."

उजेड विझला. आक्कानं मान वर केली. मग धोंडीबाकडं वळून म्हणाली, "माझ्या लेकाचा शब्द कापलास व्हय रं?"

तिला हेडफोन काढायचे होते. उजवा हात वर गेला. डावा मांडीवरनं उठला नाही. तिनं त्या हाताकडं असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "भागवत," ती म्हणाली, आणि पुढचे शब्द तिच्या तोंडात वाकडे झाले. दीपालीनं पट्टीतली गोळी काढली होती. ती तिच्या मुठीतच राहिली.

ज्या माणसांनी माझा दंड धरला होता, त्यांनीच आक्काला उचलून जीपमध्ये घातलं. धाराशिवच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एकच विचारलं, "गोळी किती दिवस बंद होती?" पाच, मी म्हणालो. त्यांनी मान खाली घातली आणि कामाला लागले.

आक्का वाचली. डावी बाजू गेली. बोलणं थोडं परतलंय, पण धनाजीचं नाव तिला अजून नीट उच्चारता येत नाही. ती दिवसातून कितीदा तरी प्रयत्न करते, आणि मला ते ऐकवत नाही. धोंडीबावर गुन्हा नोंदला गेला, सध्या जामिनावर आहे. दुसऱ्या तालुक्यात नव्या नावानं त्याची शेड उभी राहतेय असं ऐकतो. पेटी पोलिसांकडं आहे. जामिनावर सुटलेल्या माणसापेक्षा लोकांची भोळी श्रद्धा मला जास्त घाबरवते, कारण तिच्यावर गुन्हा नोंदवता येत नाही.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. माझ्यासारखे हौशी लोक हो, कुणाला नवल दाखवाल तर कारण सांगितल्याशिवाय त्याला उठू देऊ नका. समोरचा नको म्हणाला तरी सांगा. आणि बाकीच्यांनी एवढंच करा. कुणी तुमच्या गेलेल्या माणसाचा आवाज ऐकवला, तर डोळे पुसा आणि वायर कुठं जाते ते बघा. विचारल्यानं मेलेल्याचा अपमान होत नाही. न विचारल्यानं जिवंत माणूस जातं, आणि ते आपलंच असतं.