आम्ही मारलेला राखणदार

तुम्हाला सांगते, माणूस मारला असता तर एवढा बोभाटा झाला नसता. आम्ही मारला राखणदार. तोही खोटा, खेळातला. पण आमच्या वाडीत खरं-खोटं विचारतो कोण? मेला म्हणजे मेला.

झालं असं. दोन हजार पाच साल. माझा धाकटा भाऊ निकेत कणकवलीला कॉलेजात होता. तिथे हॉस्टेलवर कुणा पुण्याच्या पोराने त्याला एक खेळ शिकवला. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. 'पुढे गुहा आहे, आत काहीतरी घोरतंय, काय करणार?' असं तो विचारणार. आपण म्हणायचं, 'भाला मारते.' मग फासा टाकायचा, की भाला लागला की नाही ते ठरतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "शिरा पडो तुझ्या तोंडार! बापूस हंय जाळी विणता आणि तू थंय ह्या शिकान इलंस?"

पण पावसाळ्यात मासेमारी बंद. होड्या झावळ्यांनी शाकारून किनाऱ्यावर. जामसंड्याहून खाली उतरलं की आमची वाडी, तिथे रविवारच्या दुपारी माणसाने करायचं काय? शेवटी बसलो पडवीत.

फासा वीस बाजूंचा लागतो म्हणे. तो मेला आमच्याकडे कुठे मिळणार? आईच्या हाऊजीच्या डब्यातले एक ते वीस आकडे करवंटीत घातले, डोळे मिटून एक उचलायचा. आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा उभा करून निकेत त्याच्या मागे बसायचा, म्हणजे त्याची गुपितं आम्हाला दिसू नयेत. तिसऱ्यांच्या शिंपल्या म्हणजे आमची माणसं आणि कुर्लीचा मोठा डेंगा, म्हणजे खेकड्याची नांगी, हा राक्षस. शिंपलीवर नेलपॉलिशचा ठिपका ती मी. खाली गोधडी, पाठीला तांदळाचं पोतं, मधे गुळाचा कोरा चहा आणि चुलीत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या. आठळी सोललेल्या हाताने आकडा उचलायचा नाही, हा नियम माझा. एवढा आराम मी माझ्या जन्मात कधी केला नव्हता, खोटं कशाला बोलू!

खेळायला मी, शेजारची जान्हवी आणि प्रितेश. प्रितेश म्हणजे माझा होणारा नवरा. मे महिन्यात साखरपुडा झालेला. माझ्या बाबांच्या होडीवरच तो कामाला. शांत माणूस. मी दहा वाक्यं बोलले की तो एक बोलणार, तेही 'बरा' एवढंच.

त्या रविवारी निकेतच्या गुहा-बिहा संपल्या होत्या बहुतेक. त्याने थेट आमची खाडीच खेळात आणली. म्हणाला, "खाडीच्या तोंडावर एक म्हातारो उभो. खांद्यार घोंगडी, हातात दांडो, पायात झिजलेल्यो वहाणो. तो म्हणता, माझा माका दिल्याशिवाय कोणी भायर जावचा नाय."

आम्हाला कोण ते सांगायला नको. हंगाम सुरू व्हायच्या आधी सगळी वाडी खाडीच्या तोंडावर राखणदाराला कातडी वहाणांचा नवा जोड ठेवते. रात्रभर हद्द राखत फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून. सोबत रोट आणि विडी. गोष्टीतल्या म्हाताऱ्यालाही तेवढंच हवं होतं. जान्हवी म्हणाली, "विडी दे गो तेका, आणि चल."

पण माझं डोकं! आधीच्या रविवारी राक्षसाने माझी शिंपली लोळवली होती, तो राग होताच. मी ओरडले, "विडी नि बिडी काय गावची नाय! मार रे प्रितेशा!"

प्रितेशने करवंटीत हात घातला. आकडा निघाला वीस. निकेतचा चेहरा पडला. वीस म्हणजे जे करायला गेलात ते पुरतं झालं, असा त्यांचा नियम. "म्हातारो मेलो," तो म्हणाला. आम्ही हसलो, मी सगळ्यांत मोठ्याने. प्रितेश हसला नाही. आकडा खाली ठेवला, चहा तसाच टाकला आणि घरी गेला.

नारळी पौर्णिमा झाली. दर्यात नारळ पडला, होड्या पाण्यात उतरल्या. आमची होडी वाळूतच, कारण प्रितेश आलाच नाही. त्याने त्याच्या आईला, तुळसाकाकीला, सांगितलं की राखणदार मारलेल्या हाताने त्याच्याच खाडीच्या तोंडातून मी होडी काढणार नाही. तुळसाकाकीला सांगितलं म्हणजे मासळीबाजाराला सांगितलं. दुपारपर्यंत बायका टोपल्या खाली ठेवून तेच बोलत होत्या. "गेल्या साली दत्तारामाची होडी तोंडार उलटी केल्यान, आणि आता राखणदार मारल्यान! काय गो ह्यो जावय!"

गेल्या वर्षीचं ते खरंच होतं, म्हणजे सगळे तसंच म्हणत. दत्ताराम म्हणजे माझे बाबा. होडीत ते आणि प्रितेश दोघेच होते. तोंडावर लाट उठली, सुकाणूवर प्रितेशचा हात चुकला आणि होडी उलटली. दोघे कसेबसे वाचले. बाबांनी त्याला कामावरून काढलं नाही, म्हणून वाडीत बाबांचं केवढं कौतुक झालं होतं.

संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "जो होडयेर चढणा नाय, तेका माझी चेडू देवची नाय. सांग तेका. लग्न मोडला म्हणान समज."

मी हादरलेच. तशीच प्रितेशच्या घरी गेले आणि त्याला नको नको ते बोलले. "शिंपलीक भियालंस? आठळ्यांच्या साली पडल्यात थंय देव मरता? लोकांका तोंड कसा दाखवू मी?" तो खाली मान घालून जाळ्याची गाठ सोडवत बसला. मी रडत घरी आले. मला तो हवा होता, आणि तोच हातातून जात होता, एका हाऊजीच्या आकड्यापायी.

शेवटी निकेत परशुकाकांकडे गेला. परशुराम घाडी, देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराचा. मला वाटलं, म्हातारा दांडा घेऊन धावेल अंगावर. तर ते आमच्या पडवीत आले, गोधडीवर ऐसपैस बसले, एक आठळी तोंडात टाकली आणि म्हणाले, "मारलास खंय तेका?"

"खेळात," निकेत पुटपुटला.

"मगे देवळात जावन काय करतलास? जंय मारलास थंयच उठवक होयो. मांडा तुमचा काय ता. दत्तारामा, तू पण बस. होडी तुझी आसा."

आणि देवा रे, बाबा बसले! ह्या खेळाला 'रिकामपणाचे धंदे' म्हणणारे माझे बाबा मांडी घालून बसले आणि निकेतला विचारलं, "माझी शिंपली खंयची?" आई दारात होती, तिच्या हातातली पळी तशीच हातात राहिली. प्रितेशला जान्हवीने ओढून आणलं होतं. तो कोपऱ्यात टेकला.

परशुकाकांनी हात जोडले. "बा खाडीतोंडावरच्या राखणदारा म्हाराजा! ह्या लेकरांच्या हातसून खेळता खेळता काय चूक घडली आसात, ती पोटात घाल. तू ऊठ, आणि जेका जा इचारूचा आसा ता इचार रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो.

निकेत पुठ्ठ्यामागे गेला. त्याचा आवाज एरवी घरात कुणाला ऐकू येत नाही. तो आवाज म्हणाला, "उठतंय. पण माका मारलास कित्याक, ता खरा सांगा."

"मी सांगलंय म्हणान..." मी सुरू केलं.

"तू गप रव गो," परशुकाका म्हणाले. "हात जेचो, जबाब तेचो."

प्रितेश कोपऱ्यातून पुढे सरकला. मग म्हणाला, "भियालंय, म्हणान मारलंय."

"माका?"

"तुका नाय. खाडीच्या तोंडाक. थंय पाणी उभा रवता ना, तेका. होडयेखाली गावलंय होतंय मी, वर खंय नि खाली खंय ता कळणा नाय होता. तेच्यापासना सुकाणू धरलंय की हात कापतत. तुझा नाव घेतलंय ता निमित्त. माका दर्याचा भिया वाटता."

आमच्याकडे पुरुषमाणूस असं बोलत नाही. दारू पिऊनसुद्धा बोलत नाही. आणि हा होणाऱ्या सासऱ्यासमोर, घाडीसमोर बोलला. माझे कान गरम झाले, आणि मी त्याला काय काय बोलले होते ते सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. मला वाटलं, आता बाबा उठणार, आणि संपलं.

बाबा उठले नाहीत. शिंपली बोटांत फिरवत होते. निकेतकडे न बघता त्यांनी परशुकाकांना विचारलं, "खराच सांगूचा ना?"

"गाऱ्हाणा घातलंय मी. आता हंयसर खोटा बोलाक येवचा नाय."

"मगे सुकाणू तेच्या हातात नव्हता," बाबा म्हणाले. "माझ्या हातात होता. ह्यो म्हणा होतो, वायच रवा, लाट जावंदे. मी म्हटलंय, बाकीचे गेले, आपण काय बांगड्यो भरल्यो? आणि घातलंय होडी."

मी बाबांकडे बघत राहिले. वर्षभर बाजारात, बंदरावर, माझ्या साखरपुड्याच्या पंगतीतसुद्धा लोक प्रितेशला हसले होते, आणि बाबा शेजारी बसून वाढून घेत होते. हे माझे बाबा! मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. ओरडले ती प्रितेशवर. "आणि तू रे? तू कित्याक गप रवलंस?"

"तुझो बापूस तो," तो म्हणाला. "आणि माका तू होयी होतंस."

परशुकाकांनी करवंटी बाबांपुढे सरकवली. "काढ आकडो." बाबांनी काढला चार. निकेत चाचरत म्हणाला, उठवायला पंधराच्या वर लागतो. "चार तर चार," परशुकाका कडाडले. "देव काय तुझ्या कॉलेजची परीक्षा घेता? उठलो तो!" जान्हवीला हसू आलं. मला नाही आलं.

मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. उभ्या जन्मात त्यांना उलट बोलले नव्हते. "हंय पडवीत सांगान काय उपयोग? लोक बंदरार हसले, तर बंदरारच सांगा. नायतर तुमी कित्याक, लग्न मीच मोडतंय. असल्या घरातली चेडू तेका कित्याक होयी?" आई 'गो, गो' करत राहिली. बाबा उठून आत गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी बंदरावर सगळ्या होड्या निघायच्या गडबडीत होत्या. बाबा वाळूत मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "गेल्या साली होडी मी उलटी केलंय. ह्येना नाय. आज सुकाणू ह्येच्याकडे." तुळसाकाकी मटकन खालीच बसली. बाबा पुढे जाऊन चढले. प्रितेश माझ्याकडे एकदा बघून मागे चढला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

होडी तोंडापाशी गेली आणि थांबली. बाजूने एकामागून एक सगळ्या होड्या निघून गेल्या. कुणी शिट्टी मारली, कुणी ओरडलं, "काय रे, आज जावचा की नाय?" लाट उठली आणि गेली, मागून दुसरी उठली. प्रितेश थांबला होता. माझे बाबा, ज्यांना बाजारातसुद्धा कुणी पुढे गेलेलं खपत नाही, ते त्याच्याकडे पाठ करून बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर. शेवटची होडी बाहेर पडली, खाडीत आमचीच तेवढी उरली. बाबांनी मागे वळून बघितलं नाही, आणि एक शब्दही बोलले नाहीत.