स्कॅन करा, साडी मिळवा

मुरुम गावच्या एसटी स्टँडसमोर सोमेशचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस असो की श्रद्धांजली, गावातला जवळपास प्रत्येक माणूस एकदा तरी त्याच्या मशीनमधून बाहेर पडलेला. गडी कामाला वाघ, पण कुणी जरा कौतुक केलं की पाघळलाच. हा दोष त्याला ठाऊक होता आणि तरी सुटत नव्हता.

एक गोष्ट मात्र त्यानं पोटात घट्ट दाबून ठेवली होती. धाकटी बहीण गायत्री नवऱ्याचा मार खाऊन खाऊन वर्षापूर्वी सासरहून निघून गेली होती. ती तुळजापुरात एका लॉजवर स्वयंपाकाला आहे, हे आणि तिचा नवा नंबर, त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तिचा सासरा महालिंगप्पा मात्र भर बाजारात बोलला होता, "तुळजापुरात बघितलंय तिला एकानं. घावू द्या, जिती ठेवत न्हाय."

नवरात्राच्या तोंडावर बजरंग नावाचं एक परगावचं गिऱ्हाईक आलं. कपडे इस्त्रीचे, तोंडात साखर. साड्यांच्या दुकानाची जाहिरात करायची होती. तुळजापुरात बारा मोठे बोर्ड लावायचे, त्यावर क्यूआर कोड. बायकांनी मोबाइलवर स्कॅन करायचा आणि फॉर्म भरायचा. नाव, नंबर, मुक्काम कुठं, माहेर कुठलं. नशीब असलं तर साडी घरपोच.

"माहेर कशाला?" सोमेशनं विचारलं.

"माहेरचं नाव काढलं की बाया खुलत्यात, मालक."

सोमेश हसला. बोर्ड सगळे तुळजापुरातच का, हे त्यानं विचारलं नाही. नवरात्रात गर्दी तिथंच असते.

फ्लेक्सच्या कोपऱ्यात छापणाऱ्यानं आपलं नाव बारीक अक्षरात घालायचं, ही आपल्याकडची रीतच. पुष्कळ गिऱ्हाइकं तेवढंही पुसायला लावतात. बजरंग उलट म्हणाला, "तुमचं नाव चांगलं ठळक घ्या. कोडच्या खालीच. लोकांना कळू द्या की काम कुणाचं हाय."

झालं! हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या मागं. 'सोमेश डिजिटल, मुरुम' ही अक्षरं त्यानं हातभर उंच केली आणि फॉर्मही स्वतःच बसवून दिला.

पाचव्या माळेला दुपारी जरा सवड मिळाली. किती जणींनी फॉर्म भरला ते बघावं म्हणून त्यानं यादी उघडली. शेकड्यांनी नावं होती. मधूनच चार ओळी कुणीतरी पिवळ्या करून ठेवलेल्या. त्या चौघींचं माहेर मुरुम होतं.

ओळींच्या शेवटी शेरे लिहिलेले होते. 'म्हातारी. न्हाय.' 'जाऊन बघितली. न्हाय.' 'दुसरीच निघाली.' चौथीपुढं लिहिलं होतं, 'हीच. आज.'

चौथीचं नाव भुवनेश्वरी. सोमेशला हायसं वाटलं, पण मग त्यानं पुढचा नंबर वाचला. तो नंबर गायत्रीचा होता. साड्यांचं दुकान कुठं नव्हतंच. बारा बोर्ड एकट्या तिच्यासाठी लागले होते, आणि ते त्यानं हौसेनं छापले होते.

त्यानं लगेच तिला फोन लावला. घंटी वाजत राहिली. तुळजापूर इथून चांगलं दोन तासांवर, त्यामुळं धावून जाण्याचीही सोय नव्हती.

"अण्णा!" गायत्री हसतच बोलली. कितीतरी महिन्यांनी तो तिचं हसू ऐकत होता. "लई भारी रं तू! मला साडी लागली की! आधी भरणारच नव्हते, भ्याव वाटलं. पण खाली तुझं नाव बघितलं. म्हटलं, आपल्या अण्णानं लावलेलं हाय, त्यात कसलं भ्याव? तरीबी नाव खोटंच घातलं बघ."

"गायत्री, ऐक. दार लावून घे. कुणीबी आलं तरी उघडू नको!"

"आलेत की ते साडी घेऊन. दारातच उभे हायेत." मग तिचा आवाज फोनपासून लांब गेला. "या दादा, आत या. आमचे अण्णाच हायेत फोनवर."

सोमेश जिवाच्या आकांतानं ओरडला. पलीकडं फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला, दाराची कडी लागली, आणि तोंडात साखर असलेला तो आवाज म्हणाला,

"नमस्कार, मालक. काम लई झ्याक झालं बघा तुमचं."